वाचक विचारतात: २०५० सालचं पाण्याचं बिल

प्रश्न: आम्ही डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहोत. पाच जणांचा गट, चार आठवडे, विषय '२०५० मधलं पाणी'. काढलेलं प्रत्येक चित्र विज्ञानपटासारखं दिसतं. ज्यूरीत परीक्षकांनी विचारलं, "हे भविष्य नेमकं कुणाचं?" सुरुवात कुठून करावी?

उत्तर: चित्रं तूर्त बाजूला ठेवा. पहिला आठवडा खुणा जमवण्यात घालवा. खूण म्हणजे आज कुठेतरी खरोखर घडत असलेला बदल. नामिबियातलं विंडहुक शहर १९६८ पासून शुद्ध केलेलं सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळतं, ही खूण. न्यूझीलंडने २०१७ साली व्हांगानुई नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा दिला, हीसुद्धा. 'लोक पाणी वाचवतील' ही मात्र नुसती इच्छा झाली. प्रत्येकाने पाच कार्डं भरा. त्यावर काय, कुठे, कधी, एवढंच.

मग एक खूण घेऊन फ्यूचर्स व्हील काढा. मध्ये बदल, भोवती चार-पाच थेट परिणाम, त्या प्रत्येकातून फुटणारे आणखी दोन. विंडहुकची खूण मध्ये ठेवली तर 'टंचाई कमी' आणि 'लोकांना किळस' पहिल्या वर्तुळात येतात. ते कुणालाही सुचतं, आणि गटाची गाडी अडते ती तिथेच. दुसऱ्या वर्तुळात 'आपल्या नळाचं पाणी कुठून आलं हे विचारण्याचा हक्क' असं काहीतरी उगवतं. चित्राऐवजी त्या भविष्यातली एखादी वस्तू बनवा; तिची कल्पना तिथून उचला.

ती वस्तू साधी असू द्या, उदाहरणार्थ पाण्याचं बिल. भविष्यवेत्ते जिम डेटर यांनी भविष्याच्या कथांचे चार साचे सांगितले: वाढ, कोसळणं, शिस्त, कायापालट. तेच बिल चारही जगांसाठी लिहा. शिस्तीच्या जगात त्यावर शेजाऱ्याच्या वापराचा आकडा असेल, कोसळलेल्या जगात ते हाताने लिहिलेलं, बादल्यांत मोजलेलं. कायापालटात बिल नदीच्याच नावाने येऊ शकतं! चारांतलं ज्यावर गटात सर्वांत जास्त वाद होईल, ते निवडा.

ज्यूरीच्या प्रश्नाचं उत्तर बिलावरच असतं. नाव कुणाचं, घरात माणसं किती, थकबाकी का राहिली, हे ठरवा. आजच्या जगातला नियम एकच बदला. सगळंच बदललं की बघणाऱ्याला धरायला ओळखीचं काही उरत नाही. बिल खऱ्या मापात छापा, घडी घाला, शिक्का मारा, कडेला पेनाने कुणाचा तरी हिशेब असू द्या. सोबत आणखी दोन वस्तू हव्यात: तक्रारीचा अर्ज, आणि मीटर चुकवायला कुणीतरी घरी केलेली जोडणी. पळवाट दिसली की त्या जगात खरोखर माणसं राहतात असं वाटू लागतं.

शेवटच्या आठवड्याआधी पाच अनोळखी माणसांना काहीही न सांगता दोन मिनिटं वस्तू हाताळू द्या. "छान आहे" आलं तर तुमच्या हातून जाहिरात झाली. "हे चालतं कसं?" आलं तर यंत्र जास्त, माणूस कमी. "मी नाही भरणार हे" आलं की समजा, जमलं.

प्रश्न: वस्तू काल्पनिक आहे हे सांगावं का?

उत्तर: सांगावंच, पण हाताळून झाल्यावर. ऑगर आणि लोइझो या डिझायनरांनी २००१ मध्ये दातात बसवायच्या फोनची कल्पना मांडली, तेव्हा ती अनेकांना खरी वाटली होती. पाणी आणि औषधांच्या विषयात अशा गैरसमजातून भीती पसरते. खऱ्या संस्थेचं बोधचिन्ह वापरू नका. 'काल्पनिक' हा शब्द आणि तारीख वस्तूवरच छापा; बाजूच्या पाटीवर लिहिलेलं फोटोत सुटून जातं.