प्रेषितांची कृत्ये वाचताना

बायबलचं वचन पवित्र आत्म्याच्या मदतीने वाचायचं म्हणजे काय, असं तू परवा विचारलंस. आधी नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय वाच. पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेंटेकॉस्टच्या सणाला, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरतो. येशूचा शिष्य पेत्र समोर घडत असलेलं दाखवतो आणि म्हणतो, योएल संदेष्ट्याने सांगितलं होतं ते हेच. आपण पेंटेकॉस्टल लोक असंच वाचतो. तेव्हाचं वचन आज आपल्यावरही घडू शकतं, या विश्वासाने.

पण नवीन माणसाचा पाय इथेच घसरतो. अनुभव आधी येतो, मग त्याला जुळेल अशी एखादी ओळ शोधली जाते. मीही असं केलंय आणि मंडळीतल्या एका बहिणीला त्याचा त्रास झाला. म्हणून पंधरावा अध्याय सावकाश वाच. परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, पवित्र आत्मा मिळाला हे पेत्र सांगतो, बर्णबा आणि पौल साक्ष देतात, मग मंडळीचा पुढारी याकोब आमोस संदेष्ट्याचं वचन पुढे ठेवतो, आणि ठरतं ते मंडळीत, सगळ्यांसमोर.

आत्मा शिकवतो, मग अभ्यास कशाला, असं कुणी म्हणालं तर केडगावच्या पंडिता रमाबाई आठव. १९०५ साली त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं संजीवन (आत्मिक जागृती) झालं. त्याच बाई हिब्रू आणि ग्रीक शिकून आयुष्याच्या शेवटपर्यंत मराठी बायबलच्या भाषांतरात गढून गेल्या होत्या.

सभेत कुणी आत्म्याच्या प्रेरणेने संदेश दिला की तो वहीत लिही. घरी मागचा-पुढचा अध्याय वाच. संदेशाची पारख इतरांनी करावी असं पौलच करिंथकरांस पहिल्या पत्रात सांगतो (१४:२९). अडलं तर रविवारी उपासनेनंतर थांब, सोबत वाचू.