वाचकांचे प्रश्न : धूसर निसर्गचित्रे आणि प्रकाशचित्रकला

प्रश्न : गेल्या सप्टेंबरात कास पठारावर मी कॅमेरा मुद्दाम हलवून काही फोटो काढले. त्यांत फुले ओळखू येत नाहीत, पिवळ्या-जांभळ्या रंगांचे पट्टे तेवढे दिसतात. मला ते आवडले. परंतु आमच्या कॅमेरा क्लबातील ज्येष्ठ सभासदांनी ‘हललेले फोटो’ म्हणून ते बाजूला काढले. अशा फोटोंना कला म्हणावे की चूक?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या क्लबातला हा वाद प्रकाशचित्रणाच्या इतिहासात सव्वाशे वर्षांपूर्वीच एकदा कडाक्याने झडून गेला आहे, आणि तेव्हाही दोन्ही बाजूंना जाणकार माणसे होती. वैद्यकाचे शिक्षण घेतलेला पीटर हेन्री इमर्सन इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरफोकच्या पाणथळ प्रदेशात फोटो काढीत असे. माणसाच्या डोळ्याला एका वेळी नजरेच्या मध्याजवळचा भागच स्पष्ट दिसतो आणि बाकीचे मवाळ दिसते. म्हणून फोटोतही मुख्य विषय पुरेसा स्पष्ट ठेवावा व उरलेले किंचित धूसर राहू द्यावे, असा विचार त्याने १८८९ साली पुस्तकरूपाने मांडला. पुढच्याच वर्षी जॉर्ज डेव्हिसन याने भिंगाऐवजी बारीक छिद्र वापरून कांद्याच्या शेताचा फोटो काढला. छिद्रातून येणारी प्रतिमा कोठेच पुरती रेखीव नसते आणि कोठेच पुरती बिघडलेलीही नसते. त्यामुळे पुढची कांद्याची फुले आणि मागची घरे एकाच मऊ पोताची दिसू लागली. दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) प्रकाशचित्रणाची सुरुवात म्हणून आजही याच फोटोकडे बोट दाखवले जाते. (हाच डेव्हिसन पुढे कोडॅक कंपनीच्या इंग्लंडमधील कारभाराचा प्रमुख झाला; म्हणजे ‘तुम्ही नुसते बटण दाबा’ असे सांगून घरोघरी कॅमेरे विकणाऱ्या कंपनीचा!)

इमर्सन मात्र डेव्हिसनवर भडकला आणि थोड्याच काळात स्वतःच्या मतावरूनही उलटला. फोटोतील छटांचे परस्परप्रमाण रसायनेच ठरवतात, त्यात छायाचित्रकाराला फारसा हात घालता येत नाही, असे हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघा संशोधकांच्या प्रयोगांवरून त्याला वाटू लागले, आणि प्रकाशचित्रण ही कला नव्हेच, असे सांगणारी काळ्या चौकटीची पुस्तिका काढून तो मोकळा झाला. त्याने सोडलेला धागा इतरांनी पकडला. अमेरिकेत अल्फ्रेड स्टिग्लिट्झने १९०२ साली ‘फोटो-सिसेशन’ हा गट स्थापन केला आणि धूसर, चित्रासारखे फोटो प्रतिष्ठित झाले. त्यानंतर लाट उलटली. १९३२ साली कॅलिफोर्नियात अँसेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन आदींनी आपल्या गटाला ‘एफ/६४’ हे नावच मुळी भिंगाच्या सर्वांत लहान छिद्राचे दिले. पायाजवळच्या दगडापासून क्षितिजावरच्या डोंगरापर्यंत सारे काही लख्ख दिसले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडच्या क्लबांत आणि स्पर्धांत फोटोची स्पष्टता आधी तपासण्याची जी सवय दिसते, ती याच दुसऱ्या बाजूची आहे. ती वाईट नाही, पण तो नियमही नाही. तुमच्या ज्येष्ठांवर त्यासाठी रागावण्याचे कारण नाही.

आता तुमच्या फोटोंविषयी. ते न पाहता निवाडा देता येणार नाही, मात्र तुम्हाला स्वतःला लावता येईल अशी एक कसोटी सांगता येईल. फ्रेंच दृक्प्रत्ययवादी चित्रकार क्लोद मोनेने १८९०-९१ मध्ये गव्हाच्या त्याच त्या गंजींची चित्रे पुन्हा पुन्हा रंगवली. कधी सकाळ, कधी मावळती, कधी बर्फ. गंजी त्याच, आणि बदलतो तो उजेड. चित्राचा खरा विषय उजेड होता, म्हणून गंजीची काडी न् काडी दाखवण्याची त्याला गरज पडली नाही. तुमच्या फोटोतून फुले गेली हे ठीकच. फुलांबरोबर कासचा उजेडही गेला का, हे पाहा. सप्टेंबरात तिथे ढग डोक्यावरून सरकत असतात, सोनकीचा पिवळा रंग क्षणभर पेटल्यासारखा दिसतो आणि पुढच्याच क्षणी ओलसर, मळकट होतो. फोटोतल्या पिवळ्या पट्ट्यात यांपैकी कोणता क्षण आहे हे सांगता येत असेल, तर फोटो टिकेल. तोच पट्टा झेंडूच्या ढिगाचा किंवा टॅक्सीच्या टपाचाही वाटत असेल, तर ज्येष्ठांचे म्हणणे खरे धरावे, भले त्यांचे कारण चुकीचे असो.

प्रश्न : चित्रकारांनी ब्रशाने जे केले तेच कॅमेऱ्याने करायचे, ही नुसती नक्कल नव्हे काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नक्कल एकतर्फी असती तर तसे म्हणता आले असते. दृक्प्रत्ययवादी चित्रकारांचे पहिले प्रदर्शन १५ एप्रिल १८७४ रोजी पॅरिसमध्ये भरले, ते नादार या नामवंत छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत. ज्या रस्त्यावर हा स्टुडिओ होता त्या बुलव्हार दे कापुसिनचे मोनेने वरून पाहून केलेले चित्रही त्या प्रदर्शनात होते. त्यातली रस्त्यावरची माणसे म्हणजे काळे फटकारे आहेत, आणि समीक्षक लुई लरुआने नेमकी त्याचीच टर उडवली. त्या काळी फोटो उमटायला कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा लागे, त्यामुळे रस्त्यांच्या फोटोंत चालणारी माणसे अशीच फरफटलेली उमटत. चित्रकारांच्या नजरेला ही सवय फोटोंनी लावली असावी, असे काही कलाइतिहासकारांनी मांडले आहे. हे मान्य केले, तर आज कॅमेरा हलवून काढलेला फोटो हे कॅमेऱ्याचेच जुने येणे वसूल करणे ठरते.

शिवाय कॅमेऱ्याची धूसरता ब्रशाच्या धूसरतेहून वेगळी असते. ब्रशाचा फटकारा जागेवर उमटतो. शटर उघडे असताना हललेला कॅमेरा काळाचा एक तुकडा पसरून ठेवतो. छायाचित्रकार अर्न्स्ट हास याने १९५० च्या दशकात रंगीत फिल्मवर हे मोठ्या ताकदीने दाखवले. तेव्हाच्या कोडाक्रोम फिल्मची संवेदनक्षमता अतिशय कमी होती, त्यामुळे शटर हळू ठेवावेच लागे; त्याने या अडचणीचीच शैली केली. १९६२ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याच्या रंगीत फोटोंचे स्वतंत्र प्रदर्शन झाले.

प्रश्न : दिवसा शटर हळू केले की फोटो पांढराफट्ट होतो. नेमके सेटिंग काय ठेवावे? कॅमेरा कसा हलवावा?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनक्षमता) १०० आणि अ‍ॅपर्चर (भिंगाच्या छिद्राचा आकार) एफ/१६ असताना शटर साधारण १/१०० सेकंद लागते. तुम्हाला अर्धा सेकंद हवा असेल, तर प्रकाश सहा पायऱ्यांनी (दर पायरीला निम्मा) कमी करावा लागेल. त्यासाठी भिंगावर एनडी ६४ फिल्टर, म्हणजे उजेड ६४ पटींनी कमी करणारी करडी काच, बसवावा. ढगाळ दिवशी किंवा दाट झाडीत सकाळ-संध्याकाळी एखादा पोलरायझर फिल्टर पुरतो, कधी तोही लागत नाही. पोलरायझरचा दुसरा फायदा असा की, ओल्या पानांवरची पांढरी चकाकी तो कमी करतो आणि हिरवा रंग भरून येतो. कोकणच्या पावसाळ्यात हा फरक फार मोठा असतो. इमेज स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) बंद ठेवावे, नाहीतर तुम्ही जे हलवता ते कॅमेरा थांबवू पाहतो.

हलवण्याची दिशा विषयातूनच घ्यावी. पोफळीच्या बागेत वरून खाली, समुद्रावर क्षितिजाला समांतर. हालचाल आधी सुरू करावी, ती चालू असतानाच बटण दाबावे आणि शटर बंद झाल्यानंतरही हात थांबवू नये. तसे केले नाही तर रेघांच्या टोकांना गाठी दिसतात. उलट, झाडाचा थोडासा आकार शिल्लक हवा असेल, तर सुरुवातीला कॅमेरा क्षणभर स्थिर धरून मग ओढावा : आधी पुसट खोड उमटते आणि त्यावरून रंग वाहून जातो.

बहुतेकांचे फोटो बिघडतात ते मात्र सेटिंगमुळे नव्हे, तर आभाळामुळे. झाडांच्या फटींतून दिसणारा आकाशाचा प्रत्येक पांढरा ठिपका हलवल्यावर पांढरा दोरा होतो आणि सगळ्या चित्रावर ओरखडे उठल्यासारखे दिसते. म्हणून मागे आकाशाऐवजी डोंगराचा उतार किंवा गर्द झाडी येईल अशी जागा शोधावी. एफ/१६ किंवा एफ/२२ वर सेन्सरवरची धूळही काळपट टिकल्यांसारखी उमटते. एरवी ती पानांत लपून जाते, पण अशा गुळगुळीत चित्रात ती लगेच डोळ्यांत भरते. सेन्सर साफ करून घ्यावा.

प्रश्न : मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये कोणताही फोटो एका स्पर्शात तैलचित्रासारखा होतो. मग एवढी खटपट कशासाठी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : फोटो काढल्यानंतर त्यात हस्तक्षेप करणे हा काही गुन्हा नाही. फ्रान्समधील छायाचित्रकार रोबेर दमाशी डिंकाच्या पद्धतीने प्रती काढीत असे. डिंक, रंगद्रव्य आणि डायक्रोमेट (डिंकाला उजेडाची जाणीव देणारे रसायन) यांचे मिश्रण कागदावर लावायचे, निगेटिव्हमधून उजेड द्यायचा. उजेड लागलेला डिंक घट्ट होतो, उरलेला पाण्यात सुटतो. धुताना ब्रश फिरवून कोठे किती रंग ठेवायचा हे दमाशी स्वतः ठरवी, आणि त्याबद्दल त्याने फोटोला हात लावूच नये म्हणणाऱ्या शुद्धतावाद्यांच्या शिव्याही खाल्ल्या. अ‍ॅपविषयीची हरकत ते यंत्र आहे म्हणून नाही. कॅमेराही यंत्रच आहे. हरकत अशी की, रायगडावरचे धुके आणि वाढदिवसाचा केक या दोहोंना ते एकाच कुंचल्याने फासते, आणि कोठे थांबायचे हे तुम्हाला विचारत नाही. तुम्ही थर वेगळे करून, हवे तिथे ठेवून, नको तिथे पुसून काम करणार असाल, तर संगणकावर केलेल्या कामाला कमी लेखण्याचे कारण नाही. प्रदर्शनाला पाठवताना मात्र पद्धत लिहावी.

प्रश्न : अशा फोटोंच्या प्रती विकत घेणारे असतात का? छपाई कशी करून घ्यावी?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : असतात, फार नसतात. वरच्या टोकाचे उदाहरण म्हणजे छायाचित्रकार एडवर्ड स्टायकनचा तळ्याकाठच्या चांदण्याचा १९०४ सालचा फोटो. प्लॅटिनम प्रतीवर त्याने डिंकाच्या पद्धतीने रंगाचे थर चढवले होते, त्यामुळे उपलब्ध असलेल्या तिन्ही प्रती एकमेकींहून वेगळ्या आहेत. त्यांपैकी एक २००६ साली न्यूयॉर्कच्या लिलावात २९ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. त्याच्याच फ्लॅटआयर्न इमारतीच्या फोटोची प्रत २०२२ साली सुमारे १ कोटी १८ लाख डॉलरला विकली गेली. हे आकडे पाहून दर ठरवू नयेत, पण प्रत ही स्वतंत्र वस्तू असते, हे मात्र यावरून ध्यानात घ्यावे.

चकचकीत कागद टाळावा. धूसर चित्रात रंग एकमेकांत हळूहळू मिसळतात. चमक आली की पाहणाऱ्याला रंगाऐवजी खोलीतला दिवा दिसतो. सुती लगद्याचा, दर चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपासचा मॅट (चमक नसलेला) कागद आणि पिगमेंट शाई यांचा आग्रह धरावा. फोटो रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ रूपात) काढावा आणि १६ बिटवरच संपादित करावा. जेपीईजीवर ओढाताण केली की आकाशाच्या उतरत्या छटेत पायऱ्या दिसू लागतात, आणि मोठ्या प्रतीत त्या लपत नाहीत. पूर्ण आकाराची प्रत काढण्यापूर्वी त्याच कागदावर एक पट्टी छापून घेऊन ती दिवसाच्या उजेडात पाहावी, कारण मॅट कागदावर गडद रंग पडद्यावर दिसतात त्यापेक्षा फिके उमटतात.

मर्यादित आवृत्ती काढणार असाल, तर प्रतींची संख्या, आकार आणि कागद हे तिन्ही आधीच लिहून ठेवावे आणि प्रत्येक प्रतीवर क्रमांक व सही करावी. दहा प्रती जाहीर करून पुढे तेच चित्र वेगळ्या आकारात छापले, तर पहिल्या दहा खरेदीदारांना फसवले गेल्यासारखे वाटेल. दुसरा आकार काढण्याचा विचार असेल, तर तो प्रतीसोबत द्यायच्या पहिल्याच प्रमाणपत्रात नमूद करावा.