निराश झालास म्हणजे विश्वास कमी पडला असं नाही

तरुण संघाच्या पत्रपेटीत येणारे प्रश्न वर्षानुवर्षं तेच आहेत. गावं बदलतात, गोंधळ बदलत नाही. म्हणून या वेळी काही प्रश्न एकत्र घेतले आहेत. त्यातल्या एकाला लांब उत्तर दिलं आहे, कारण तिथे उशीर झाला तर जिवावर बेततं.

हॉस्टेलमधल्या मैत्रिणीने घरी गणपतीला बोलावलं आहे. ती दर नाताळला आमच्याकडे येते. आई म्हणते, गेलीस तर विश्वासातून पडशील. जाऊ का?

जा. मैत्रिणीच्या घरी जाऊन जेवणं हे पाप नाही. आरती मात्र उपासना आहे, त्यात तू भाग घेणार नाहीस. हे तिला आधीच फोनवर प्रेमाने सांग, आयत्या वेळी दाराशी अवघडून उभी राहू नकोस. प्रसादाबद्दल करिंथकरांस पहिलं पत्र, ८ आणि १० हे दोन्ही अध्याय पूर्ण वाच. जेवायला बोलावलं तर वाढलेलं चौकशी न करता खा, पण हे नैवेद्याचं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नका, असं पौल म्हणतो. एकच ओळ उचलून आईशी भांडू नकोस. दोघी मिळून पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) भेटा.

माझा बाप्तिस्मा लहानपणी झाला. नव्या फेलोशिपमधले (प्रार्थनागटातले) मित्र म्हणतात, तो चालत नाही, पुन्हा घे.

घाई करू नकोस. १९७० साली नागपुरात सहा मंडळ्या (चर्च-संघटना) एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हा बाळाला बाप्तिस्मा देणारे आणि मोठेपणीच देणारे एकाच मंडळीत आले. जे त्यांना जमलं ते तुझ्या मित्रांनाही जमेल. आग्रहाखातर काही करण्याआधी आपल्या पाळकांशी बोल.

आईबाबा वेगळे होणार आहेत हे मी फक्त जिवलग मैत्रिणीला सांगितलं होतं. आठवड्यात ते सगळ्या तरुण संघाला कळलं. सगळे म्हणतात क्षमा कर, पुन्हा पहिल्यासारखी वाग. मला जमत नाही. मी वाईट ख्रिस्ती आहे का?

नाही. स्तोत्र ५५ उघड. ज्याच्याबरोबर गोड गोष्टी केल्या, ज्याच्याबरोबर देवाच्या मंदिरात गेलो त्यानेच घात केला, हे दुःख तिथे अगदी उघड मांडलेलं आहे. तुलाही तसं रडता येईल.

क्षमा आज कर, म्हणजे सूड घ्यायचा नाही आणि तिची बदनामी करायची नाही. विश्वास टाकायला वेळ लागतो आणि तो घेण्याचा तुला हक्क आहे. भावांनीच विकलेल्या योसेफाने पुढे त्याच भावांना धान्य दिलं, त्यांचे पैसेही गोण्यांतून परत पाठवले, पण ओळख लगेच दिली नाही. शिमोनाला ठेवून घेतलं, बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला ठेवला, आणि यहूदा धाकट्याच्या जागी स्वतः गुलाम व्हायला तयार झाला तेव्हाच योसेफाने रडत त्यांना आपली ओळख दिली. घरातल्या ताणाबद्दल मात्र एखाद्या मोठ्या माणसाशी बोल. मावशी, पाळकांच्या पत्नी, कॉलेजचे समुपदेशक, कोणीही चालेल. हे ओझं एकटीने वाहू नकोस.

एमपीएससीची मुख्य परीक्षा तिसऱ्यांदा हुकली. दर वेळी उपास केला. एक सेवक (प्रचारक) म्हणाले, तुझ्या विश्वासात खोट आहे, एकवीस दिवस उपास कर आणि अकरा हजारांचं बीज-अर्पण (आशीर्वाद मिळावा म्हणून आधी द्यायचे पैसे) टाक, हिताचे संकल्प पूर्ण होतील. दोन महिने झोप नाही, जेवण जात नाही, जगून काय करायचं असं वाटतं.

आधी शेवटच्या वाक्याबद्दल. हे वाचून झाल्यावर लगेच १४४१६ हा टेली-मानसचा नंबर लाव. तो सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. घरातल्या एकाला आजच सांग, आज रात्री एकटा झोपू नकोस, आणि उद्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. आतून धोका वाटला तर उद्याची वाट न बघता जवळच्या रुग्णालयात जा. उपास आजपासून बंद. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्या कोणाच्याही सांगण्यावरून बंद करायच्या नाहीत. गोळ्यांनी प्रार्थना कमी होत नाही.

संदेष्टा एलीया कर्मेल डोंगरावर जिंकला आणि लगेच रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवाने त्याच्या विश्वासाची झडती घेतली नाही. दूताने निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, तो जेवला, पुन्हा झोपला, पुन्हा उठवून जेवू घातलं. देवाचा प्रश्न त्यानंतर आला. तुझंही आधी जेवण आणि झोप.

आता त्या ‘हिताच्या संकल्पां’च्या वचनाबद्दल. यिर्मया २९:११ आज प्रत्येक तरुणाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर आहे, आणि त्याच्या आधीची ओळ कुणी वाचत नाही. दहाव्या वचनात लिहिलं आहे की बाबेलमध्ये सत्तर वर्षं जातील. आठव्या-नवव्यात देव सांगतो की तुमच्यातल्या संदेष्ट्यांच्या नादी लागू नका, मी त्यांना पाठवलेलं नाही. त्याआधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं परत येईल असं जाहीर करत होता. लोकांना तोच आवडत होता, आणि तो खोटा ठरला. हिताच्या संकल्पांचं पत्र यिर्मयाने परक्या देशात अडकलेल्यांना लिहिलं. घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याचं हित पाहा, असं त्यात होतं. त्यात रकमेचा उल्लेख नाही.

अकरा हजार रुपये एका बेरोजगार मुलाकडून मागणारा माणूस त्याची भीती विकत असतो, मग तो मंचावर असो की यूट्यूबवर. तेलाची बाटली, रुमाल, ‘खास प्रार्थनेचा’ क्यूआर कोड, सगळं एकाच पेठेतलं आहे. पौलाने शरीरातला काटा काढून टाकावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा राहिला. त्याच्या विश्वासात खोट होती असं म्हणायची कोणाची हिंमत आहे? पैसे दिले असशील तर वडिलांना सांग आणि पाळकांना लेखी कळव. चौथ्या प्रयत्नाचा निर्णय आता घेऊच नकोस. तब्येत सावरली की करिअर समुपदेशकाबरोबर बसून पर्याय बघ.

प्रेम हिंदू मुलावर आहे. तो बाप्तिस्मा घेणार नाही. नातेवाईक म्हणतात, असं लग्न कायद्यात बसतच नाही.

ऐकीव माहिती आहे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी चालतं, आणि १९५४ चा विशेष विवाह कायदाही आहे, त्यात तीस दिवसांची नोटीस लागते. मंडळीचे नियम वेगळे असतात. कॅथलिकांना बिशपांची परवानगी लागते. शास्त्राचा सल्लाही गंभीरपणे घे. करिंथकरांस दुसरं पत्र ६:१४ वाच, तिथे विश्वास न ठेवणाऱ्यांशी जोडले जाण्याबद्दल इशारा आहे, आणि मुलं कोणत्या श्रद्धेत वाढतील हे त्या मुलाशी आताच बोल. लग्नासाठी त्याने खोटा बाप्तिस्मा घ्यावा असा हट्ट कोणीही धरू नये. वकील आणि पाळक, दोघांनाही भेट.

रात्री प्रार्थना करताना झोप लागते. पाप आहे का?

नाही. सकाळी कर. दिवसभर थकवा असेल तर हिमोग्लोबिन तपासून घे.