‘मॅजिक’, ‘विचक्राफ्ट’ आणि ‘सॉर्सरी’ यांना मराठीत काय म्हणावे?

मानवशास्त्रीय लेखाचे भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की ‘मॅजिक’साठी जादू, जादूटोणा आणि यातुविद्या यांपैकी कोणता शब्द घ्यावा, आणि ‘विचक्राफ्ट’ व ‘सॉर्सरी’ या दोन्हींना ‘चेटूक’ म्हटले तर चालेल का.

पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर ‘यातुविद्या’ असे आहे. ‘जादू’ म्हटले की हातचलाखीचे प्रयोग आठवतात, तर ‘जादूटोणा’ या शब्दात निषेध आधीच मिसळलेला आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्याच्या नावात तो नरबळी व अघोरी प्रथांच्या जोडीने येतो आणि तिथे तो योग्यच आहे. मानवशास्त्रज्ञाला मात्र पीक जोमाने वाढावे म्हणून म्हटलेला मंत्र आणि शत्रू मरावा म्हणून केलेला विधी हे दोन्ही एकाच संज्ञेखाली आणावे लागतात. पॅसिफिक महासागरातील ट्रोब्रिआंड बेटांवर मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की यांना आढळले की किनाऱ्यालगतच्या शांत पाण्यातील बिनधोक मासेमारीत मंत्रविधी नसतात, पण जिवावर उदार होऊन करावयाच्या खुल्या समुद्रातील मासेमारीभोवती त्यांचा मोठा पसारा असतो. या विधींना ‘जादूटोणा’ म्हटले तर त्या कोळ्यांवर नकळत आरोप केल्यासारखे होईल. शिवाय ‘यातु’ हा शब्द आपल्याला परका नाही. संस्कृत ‘यातु’ आणि फारसीतून आलेला ‘जादू’ यांचे मूळ एकच आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात तर ‘मी यातुधान (यातुविद्या करणारा) असेन तर आजच मरेन’ अशी शपथ येते. आरोप नाकारणाऱ्या माणसाचा हा आवाज आजही अंगावर येतो.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण इथे शब्द चुकला तर विषयच हातचा जातो. ‘विचक्राफ्ट’ आणि ‘सॉर्सरी’ यांतील भेद ज्या ग्रंथामुळे रूढ झाला, तो मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांचा दक्षिण सुदानमधील झांदे लोकांवरील ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला. झांदे समजुतीनुसार ‘मांगू’ हा काहींच्या पोटात असलेला पदार्थ आहे. तो बापाकडून मुलाकडे आणि आईकडून मुलीकडे येतो, आणि त्याने इजा करण्यासाठी मंत्र, विधी किंवा औषधी यांपैकी काहीही लागत नाही. आरोप झालेला माणूस पाण्याची चूळ फुंकून सांगतो की आपल्यात मांगू असला तर आपल्याला त्याची कल्पना नाही, तो आता शांत होवो. इंग्रजीतील ‘विचक्राफ्ट’ तो हाच. याउलट औषधी वापरून, मंत्र म्हणून, जाणूनबुजून केलेली घातक कृती म्हणजे ‘सॉर्सरी’.

मराठीत हा भेद क्रियापदांनीच सांभाळलेला आहे. करणी कोणीतरी ‘करतो’. दृष्ट मात्र ‘लागते’, आणि ती कौतुकाने पाहणाऱ्या आप्ताचीही लागते असे मानतात, म्हणूनच ती लावणाऱ्याला न दुखावता मीठमोहरीने उतरवता येते. म्हणून ‘सॉर्सरी’साठी ‘करणी’ हा शब्द चपखल बसतो. ‘चेटूक’ही ‘केले’ जात असल्याने ते मांगूसाठी उपयोगी नाही. ‘दृष्ट’ अर्थाने जवळची असली तरी तिचा उगम डोळ्यांत आहे, पोटात नाही, आणि ती आनुवंशिकही नाही. म्हणून ‘मांगू’ हा शब्द तसाच ठेवून पहिल्या उल्लेखाच्या वेळी त्याचा अर्थ एका वाक्यात सांगावा.

तसे केल्याने पुढचे विवेचनही समजते. धान्याचे कोठार कोसळून त्याच्या सावलीत बसलेली माणसे जखमी झाली, तर वाळवीने खांब पोखरले होते हे झांदे माणूस जाणतो. पण नेमकी हीच माणसे खाली असताना ते का कोसळले, याचे उत्तर तो मांगूत शोधतो. या वाक्यात ‘चेटूक’ घातले की कोणीतरी विधी करून कोठार पाडले असा वाचकाचा समज होईल, आणि तसे तर झांदे म्हणतच नाहीत.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. हा भेद झांदे समाजातून आलेला आहे आणि तो सगळीकडे लागू पडत नाही. मूळ लेख दुसऱ्या समाजाबद्दल असेल आणि तिथले लोक जन्मजात शक्ती व शिकलेली विद्या यांत फरक करत नसतील, तर इंग्रजी लेखकाने कोणताही शब्द वापरलेला असो, भाषांतरात त्या समाजाचाच शब्द घ्यावा.