इंदूरच्या पलासियाजवळ कारने मला उडवलं, दुकानाच्या कॅमेऱ्यात दिसतंय. भरपाईच्या क्लेममध्ये चालेल का?

चालेल, पण आजच हालचाल करा. दुकानांचे डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) बहुधा पंधरा-तीस दिवसांत जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवं चढवतात. दुकानदाराला लेखी अर्ज द्या, पोचेवर सही घ्या. तपास अधिकाऱ्यालाही फुटेज जप्त करायला लेखी कळवा.

कॉपी थेट डीव्हीआरमधून पेनड्राइव्हवर, मूळ फॉरमॅटमध्येच, अपघाताआधीच्या आणि नंतरच्या पाच-दहा मिनिटांसकट घ्या. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ किंवा व्हॉट्सॲपवर आलेली क्लिप इथेच मार खाते: दाबलेल्या फाइलमध्ये नंबर प्लेट वाचता येत नाही, हॅश (फाइलची डिजिटल ओळखखूण) मूळ फाइलशी जुळत नाही. डीव्हीआरचं घड्याळ बऱ्याचदा पुढे-मागे असतं. त्याच्या स्क्रीनशेजारी मोबाइलची वेळ धरून फोटो काढा, नाहीतर एफआयआरमधल्या वेळेशी मेळ बसत नाही आणि विमा कंपनीचा वकील तेच धरून बसतो.

सोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३(४)चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र हवं. भाग ‘अ’ डीव्हीआर सांभाळणाऱ्याचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा, दोन्हींत हॅश. बहुतेक जण ‘ब’ विसरतात.

व्हिडिओतून चूक कोणाची ते दिसतं. भरपाईचा आकडा मात्र मुख्यतः उपचारांची बिलं, अपंगत्वाचा दाखला आणि उत्पन्नाचे कागद यांवर ठरतो.