शेकाट्याच्या डोळ्याच्या उंचीवर

प्रश्न: सुट्टीला भिगवणला उजनीच्या बॅकवॉटरवर जातो, 150-600 मिमीची झूम लेन्स आहे. फोटो शार्प येतात पण शेकाट्या असो की चिखल्या (दोन्ही काठावरचे पाणपक्षी), मागे नुसता चिखल नि पाणी दिसतं, पक्षी त्यावर चिकटवल्यासारखा वाटतो. झोपून काढलं तर फोकस गवतावर जातो. बोटीत तर झोपताही येत नाही. काय करू?
– एक वाचक, बारामती

उत्तर: खरा घोळ आहे तो पक्ष्यामागच्या अंतराचा. तुम्ही उभे असता तेव्हा कॅमेरा साधारण 1.6 मीटरवर असतो, शेकाट्याचा डोळा जमिनीपासून फूटभर, आणि तो 15 मीटरवर असेल तर तुमची नजर त्याच्या मागे तीन-साडेतीन मीटरवरच पाण्याला टेकते, मग ते पाणी पुरेसं ब्लर (धूसर) होणार कसं? तोच कॅमेरा फूटभर उंचीवर आणा, नजर थेट पलीकडच्या काठावर जाते आणि मागचं सगळं मऊ होऊन जातं, पक्षी एकदम सुटा दिसतो. माझ्या मते नवीन लेन्स घेण्यापेक्षा याने फोटोत जास्त फरक पडतो.

गवताचं म्हणाल तर फोकसचा ऑटो एरिया (कॅमेरा स्वतः जागा निवडतो तो) बंद करा, सिंगल पॉइंट (एकच बिंदू) घ्या आणि तो डोळ्यावरच ठेवा, कारण लेन्स 600 मिमीला असताना एवढ्या अंतरावर जेमतेम वीतभर भागच शार्प येतो. लेन्सखाली तांदूळ भरलेली बीनबॅग ठेवा, स्क्रीन फिरणारी असेल तर मान वाचते. आणि पक्ष्याच्या मागे सरपटत जाऊ नका, तो चरतोय त्या काठावर थोडं पुढे आधीच जाऊन पडून राहा, चिखल्या आणि तुतवार कडेकडेने टिपत आपणहून जवळ येतात. ऊन चढलं की मात्र उठा, खालून काढताना गरम हवेची थरथर जास्त येते आणि सगळे फोटो भुसभुशीत होतात. उजनीचा गाळ पण फसवा आहे, वरून वाळलेला दिसतो, काठी घालून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बोटीत फळीवर बसूच नका, खाली तळाशी मांडी घाला, लेन्स काठावर टेकवा (मध्ये जाड टॉवेल हवाच), हलतं म्हणून शटर 1/1600 सेकंदापेक्षा जलद ठेवा. रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) थव्यात बोट घालायला नावाड्याला अजिबात सांगू नका, बाकीच्यांनी आग्रह केला तरी तुम्ही नाही म्हणा, लांबून आलेले पक्षी पोट भरत असतात, त्यांना उडवून मिळालेला फोटो काय कामाचा.

अजून एक, मार्चपासून पुढे झोपायच्या आधी जमीन नीट बघा. टिटवी आणि छोटा चिखल्या उघड्यावर, खड्यांमध्येच अंडी घालतात, ती खड्यांसारखीच दिसतात, पोटाखाली आली तरी कळत नाही. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली, किंवा चिखल्या पंख मोडल्यासारखा फरपटत चालला, तर समजा अंडी नाहीतर पिल्लं जवळच आहेत, तेव्हा कॅमेरा उचलायचा आणि आलात त्याच पावलांच्या खुणांवरून मागे फिरायचं.