त्या आईचा फोन उचला

पत्र: ताई, मी ऐरोलीत राहते. ऑगस्टमध्ये माझा २३ वर्षांचा मुलगा डेंग्यूने गेला. चर्चच्या मंडळीतले लोक येतात, ‘देवाची काहीतरी योजना असेल’ म्हणतात. मला ते ऐकवत नाही. उपासनेत गीत सुरू झालं की तोंड उघडत नाही. मिस्टर चर्चला येतच नाहीत, मुलाचं नावही काढत नाहीत. आयसीयूबाहेर ओळख झालेल्या एका बाईंची मुलगीही गेली. त्यांचे फोन येतात, मी उचलत नाही. माझा विश्वास कमी पडला का? या दुःखाला काही अर्थ आहे का?

उत्तर: ताई, ज्याला आपण मानतच नाही, त्याच्यावर कोणी रुसत नाही. तेव्हा विश्वासाची काळजी सोडा.

बायबलमधल्या ईयोबाची मुलं गेली, तेव्हा त्याचे मित्र आधी सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ नुसते जमिनीवर बसले. तेवढंच त्यांचं बरोबर होतं. मग कारणं सांगू लागले, आणि शेवटी देवाचा राग ओढवून बसले. योजना समजावणाऱ्यांना चहा द्या, उत्तर देऊ नका. गाता येत नसेल तर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचा. ते अंधारातच संपतं, तरी शास्त्रात आहे. मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेशी येशू रडला, त्याला पुन्हा जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही. पुनरुत्थानाची आशा धरणाऱ्याने रडू नये, हा नियम कोणी काढला कोण जाणे!

अर्थाबद्दल मात्र स्पष्ट बोलते. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७०च्या दशकातल्या दुष्काळात गेले. १८८०मध्ये भाऊ गेला, १८८२मध्ये नवरा. त्यानंतर त्या ख्रिस्ती झाल्या. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी कितीतरी उपाशी मुली आणल्या आणि केडगावला त्यांना आसरा दिला. भूक काय असते हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. पण या मुली वाचाव्यात म्हणून देवाने रमाबाईंची माणसं नेली, असं कोणी म्हटलं तर मी त्याला क्रूरच म्हणेन. तुमच्या मुलाच्या मरणातही हेतू शोधू नका. हेतू असलाच तर तो तुमच्या पुढच्या दिवसांत आहे. बायबलमध्ये करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौलही हेच म्हणतो: देवाकडून मिळालेलं सांत्वन दुसऱ्या दुःखिताला देता यावं.

तुम्हाला अजून सांत्वन मिळालेलं नाही, कबूल. पण त्या आयसीयूतल्या आईपुढे तुम्हाला काहीच समजावून सांगावं लागणार नाही, तिलाही नाही. एक फोन उचला. जमलं तर रविवारी उपासनेनंतर तिला घरी बोलवा.

मिस्टरांना चर्चला ओढू नका. जेवताना मुलाचं नाव तुम्हीच काढा, त्याला काय आवडायचं ते बोला. त्यांना पान सोडून उठावं लागलं तर उठू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा.

आणि झोप उडाली असेल, जगू नये असं वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा. पाळकांना सांगाच, शिवाय टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.